सार्वजनिक कलेचे मूल्य ठरवायचे कसे?

चौकातील पुतळा किंवा रस्त्याकडेचे शिल्प पाहण्यासाठी कोणी तिकीट काढत नाही. ते वाटेतच येते. आवडो न आवडो, रोज पाहावे लागते. त्यामुळे सार्वजनिक कलेचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. कलाकृती म्हणून तिचा दर्जा काय? आणि त्या जागेवर व तेथील माणसांवर तिचा परिणाम काय? या दोहोंची उत्तरे नेहमी जुळतातच असे नाही.

न्यूयॉर्कमधील 'टिल्टेड आर्क' हे याचे गाजलेले उदाहरण. रिचर्ड सेरा यांचे हे शिल्प १९८१ मध्ये मॅनहॅटनमधील सरकारी कार्यालयांच्या प्रांगणात उभारण्यात आले. १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी ती किंचित कललेली पोलादी भिंत होती. चालणाऱ्याला त्या जागेची नव्याने जाणीव व्हावी, हा शिल्पकाराचा हेतू. तेथे रोज कामाला येणाऱ्या अनेकांना मात्र ती वाट अडविणारी गंजकी भिंत वाटली. मार्च १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली. बोलणाऱ्या १८० जणांपैकी १२२ जणांनी शिल्प कायम ठेवावे, तर ५८ जणांनी हटवावे, असे मत दिले. तरीही पाच जणांच्या समितीने चार विरुद्ध एक मतांनी ते हटविण्याची शिफारस केली. न्यायालयीन लढाईनंतर मार्च १९८९ मध्ये शिल्पाचे तुकडे करून ते नेण्यात आले. ते त्या जागेसाठीच घडविलेले असल्याने अन्यत्र उभारण्यास सेरा यांचा विरोध होता. कोणाच्या मताला किती वजन द्यायचे, हे आधी न ठरविल्यास नुसती डोकी मोजून वाद मिटत नाही, हे यातून दिसले.

काळाची कसोटी

इंग्लंडमधील गेट्सहेड येथे याच्या उलट घडले. अँटनी गॉर्म्ली यांचे 'एंजल ऑफ द नॉर्थ' १९९८ मध्ये उभे राहिले. उंची २० मीटर आणि पंखांचा विस्तार ५४ मीटर. पोलाद सेरा यांच्या शिल्पासारखेच, गंजाच्या रंगाचे. उभारणीपूर्वी त्यालाही कडवा विरोध झाला होता. परंतु जुन्या कोळसा खाणीच्या जागेवरील या शिल्पात खाणकामगारांच्या श्रमांची आठवण होती. त्याच वर्षी फुटबॉलप्रेमींनी शिल्पावर आपल्या लाडक्या खेळाडूची भलीमोठी जर्सी चढविली. पुढे तर ते शिल्प त्या प्रदेशाची ओळखच बनले. अनावरणाच्या दिवशी घेतलेला कौल अंतिम मानू नये, हा याचा धडा.

मुंबईचा काळा घोडा तर परिणामाचे आगळेच माप देतो. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तेथून हलविण्यात आला आणि पुढे भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. राजा विस्मरणात गेला, घोड्याचे नाव मात्र परिसराला कायमचे चिकटले. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा आला, तो स्वाराविना.

निकष कोणते?

दर्जा पाहताना कल्पना, कारागिरी, जागेशी असलेले नाते आणि बांधणीची मजबुती तपासावी लागते. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. मजबुतीची तपासणी ही केवळ औपचारिकता नव्हे, हे त्या घटनेने दाखवून दिले.

परिणाम जोखायचा तर लोक तेथे थांबतात की वळसा घालून जातात, भेटीची खूण म्हणून तिचे नाव घेतात का, मुले तेथे खेळतात का, हे पाहावे लागते. हे निरीक्षण उभारणीपूर्वी, लगेच नंतर आणि काही वर्षांनी, असे तीनदा व्हायला हवे. आधीची नोंदच नसेल, तर बदल कशाशी ताडून पाहणार? देखभालीचा खर्चही प्रारंभीच हिशेबात धरावा लागतो.

सार्वजनिक कलेसाठी बहुधा पैसा जनतेचा आणि जागाही जनतेचीच असते. म्हणूनच निकष अनावरणानंतरच्या वादात नव्हे, तर काम सोपविण्यापूर्वीच ठरायला हवेत.