तिसरीत दोनदा नापास

मंडळी, आज जरा लांबच्या गावाला जायचं आहे.

आपण सगळ्यांनी शाळेत गवताळ प्रदेशांची नावं घोकलेली आहेत. रशियातले स्टेप्स, अर्जेंटिनातले पंपास, उत्तर अमेरिकेतले प्रेअरी. त्यापुढे ठरलेलं वाक्य, की 'हा प्रदेश गव्हाचे कोठार म्हणून ओळखला जातो.' झालं, दोन मार्क मिळाले, प्रेअरी संपलं! त्या कोठारात माणसं राहतात, त्यांना मुलंबाळं असतात, ती शाळेत जातात, खेळतात, नापास होतात, हे काही पुस्तकात नसतं. मीही वर्षानुवर्षं ते वाक्य फळ्यावर लिहीत आलो. निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, आणि त्या वाक्यामागची तीन मुलं भेटली. तिघंही कॅनडाच्या सास्कॅचवान प्रांतात वाढलेली, तिघंही खेळाडू. पण त्यांच्या शाळांच्या कहाण्या इतक्या वेगळ्या, की मास्तरकी केलेल्या माणसाला त्या स्वस्थ बसू देत नाहीत.

आधी गावाची ओळख करून देतो. सास्काटून हे साउथ सास्कॅचवान नदीकाठचं शहर. १८८२-८३ च्या सुमारास टोरांटोकडच्या मद्यपानविरोधी मंडळींनी इथे वसाहत वसवली. दारूचा थेंब नसलेलं गाव उभं करायचं, हा त्यांचा बेत. शहराचं नाव मात्र तिथल्या मूळ रहिवाशांच्या, क्री लोकांच्या भाषेतून आलं, तिथल्या एका जांभळट रानफळाच्या नावावरून. पुढे रेल्वे आली, गहू आला, १९०६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला, पाठोपाठ विद्यापीठ आलं. १९३१ च्या जनगणनेत लोकवस्ती ४३ हजारांच्या आसपास होती. हिवाळ्यात पारा उणे तीसच्याही खाली उतरतो. नदी, तळी, डबकी, सगळं दगडासारखं गोठतं. आपल्याकडे पोरांना रिकामं मैदान दिसलं की स्टंप ठोकले जातात, तिथे गोठलेलं पाणी दिसलं की बर्फावरची हॉकी सुरू होते.

पहिली कहाणी एका मुलीची. एथेल कॅथरवुड तिचं नाव. स्कॉट नावाच्या छोट्या गावातून तिचं कुटुंब १९२० च्या दशकाच्या मध्यावर सास्काटूनला आलं आणि ती बेडफर्ड रोड कॉलेजिएट या शाळेत जाऊ लागली. उंच, सडपातळ मुलगी. उंच उडीत तिचा हात कुणी धरेना. (उडीत हात धरणं म्हणजे काय ते विचारू नका!) विद्यापीठातले क्रीडाशिक्षक जो ग्रिफिथ्स यांनी तिला तयार केलं. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला ऑलिंपिक झालं. ॲथलेटिक्समध्ये बायकांना प्रवेश मिळालेलं हे पहिलंच ऑलिंपिक, तेही जेमतेम पाच प्रकारांत. एथेलने १.५९ मीटर उडी मारून सुवर्णपदक घेतलं. 'सास्काटूनची लिली' म्हणून वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेतलं.

या पदकाचं मोल किती? ॲथलेटिक्समध्ये कॅनडाच्या बाईला वैयक्तिक सुवर्णपदक पुन्हा मिळायला २०२४ चं पॅरिस ऑलिंपिक उजाडावं लागलं. कॅमरिन रॉजर्सने हातोडाफेकीत ते मिळवलं. मधे चक्क ९६ वर्षं गेली! एथेलला मात्र त्या प्रसिद्धीचा लवकरच वीट आला. ती अमेरिकेत गेली, आणि पुढे जुन्या दिवसांबद्दल बोलायलाही नाखूश असे. १९८७ मध्ये ती कॅलिफोर्नियात वारली. पण शाळेपुरतं बोलायचं तर तिचं नशीब चांगलं होतं. योग्य वयात योग्य शाळा आणि पारखी शिक्षक मिळाले. अशी मुलं कमी असतात.

१९२८ हेच वर्ष दुसऱ्या कहाणीचंही. ३१ मार्चला सास्काटूनजवळच्या फ्लोरल या वस्तीत हाऊ कुटुंबात सहावं मूल जन्मलं. नाव ठेवलं गॉर्डी. नऊ दिवसांचं बाळ घेऊन मंडळी सास्काटूनला राहायला आली. पुढे भावंडं नऊ झाली.

त्या साली प्रांतात गव्हाचं विक्रमी पीक आलं होतं. पण पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, गव्हाचे भाव कोसळले, आणि त्यातच पावसाने पाठ फिरवली. वर्षामागून वर्षं दुष्काळ पडला. नांगरलेली माती वाऱ्याने उडून आकाश काळं व्हायचं. १९३७ मध्ये तर एकरी तीन बुशेलसुद्धा गहू निघाला नाही. 'गव्हाचे कोठार' म्हणतात त्या प्रांताची ही अवस्था! सास्काटूनमध्ये हाताला काम देण्यासाठी सरकारने दुष्काळी कामासारखं मोठं काम काढलं, नदीवरचा ब्रॉडवे पूल. तो १९३२ मध्ये पुरा झाला आणि आजही उभा आहे.

अशा दिवसांत एक गरजू शेजारीण हाऊंच्या दारी आली. पोरांच्या दुधासाठी पैसे हवेत म्हणून जुन्या वस्तूंचं एक पोतं विकायला आणलं होतं. गॉर्डीच्या आईने, कॅथरिनबाईंनी, स्वतःच्या घरात ओढाताण असताना दीडेक डॉलर तिच्या हातावर ठेवले. पोतं जमिनीवर उपडं केलं, त्यातून बर्फावर घसरायच्या स्केट्सची जोडी निघाली. गॉर्डीने एक स्केट पटकावला, बहीण एडनाने दुसरा. माप मोठं, म्हणून आत मोज्यांवर मोजे. दोघं एकेका पायावर घसरत राहिली. काही दिवसांनी एडनाचा उत्साह ओसरला आणि दुसरा स्केटही गॉर्डीकडे आला. तो त्याने पन्नास वर्षं पायातून काढला नाही, असं म्हटलं तरी चालेल.

आता शाळा. गॉर्डी किंग जॉर्ज शाळेत जात होता. अंगाने थोराड, स्वभावाने कमालीचा बुजरा. आणि अक्षरांशी त्याचं जमेना. तो तिसरीत दोनदा नापास झाला. आपल्याहून लहान मुलांच्या वर्गात, सगळ्यांत उंच असलेला हा मुलगा मान खाली घालून बसलेला, हे चित्र मला न सांगताही दिसतं. ज्यांनी ज्यांनी हातात खडू धरला आहे त्यांनाही दिसेल.

त्याला वाचनाची अडचण होती, म्हणजे आज ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात ते. पण १९३० च्या दशकातल्या प्रेअरीवरच्या शाळेत हा शब्द कोण उच्चारणार? आपल्याकडे तरी सामान्य पालकांच्या कानावर तो केव्हा पडला? २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला तेव्हा. त्याआधी आपल्याकडे दोनच शब्द होते, 'ढ' आणि 'आळशी'. अक्षरं वेडीवाकडी नाचत असतील हे मुलाला सांगता येत नाही, कारण दुसऱ्यांना ती सरळ दिसतात हे त्याला ठाऊकच नसतं.

त्यात डॉक्टरांनी सांगितलं, याच्या हाडांत कॅल्शियम कमी आहे, पाठीचा कणा बळकट करायला हवा. व्यायामशाळा कुठली परवडणार? दाराच्या चौकटीला लोंबकळून पोरगा अंग वर खेचू लागला. उन्हाळ्यात बांधकामावर सिमेंटची पोती उचलली. हिवाळ्यात मात्र शाळा सुटली की काळोख पडेपर्यंत बर्फावर. पुस्तकातली ओळ त्याला सापडत नव्हती, पण बर्फावर पक कुठून येणार, कोण कुठे सरकणार, हे मात्र सगळ्यांच्या आधी दिसत होतं. एकाच डोक्यात ही दोन टोकं!

१९४३ मध्ये पंधराव्या वर्षी न्यूयॉर्क रेंजर्स संघाच्या विनिपेगमधल्या शिबिरात त्याला बोलावलं. घराबाहेर कधी न पडलेला मुलगा. घरच्या आठवणीने तो इतका व्याकूळ झाला की परत आला. पुढच्या वर्षी डेट्रॉइट रेड विंग्ज संघाने विंडसरच्या शिबिरात त्याला करारबद्ध केलं. करार करताना त्याने मागितलं काय, तर संघाचं एक जाकीट! तेही हातात पडायला बरीच वाट पाहावी लागली.

संघाने त्याला ऑन्टारिओतल्या गाल्ट गावी ठेवलं आणि तिथल्या शाळेत घालायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तो पुस्तकं घेऊन निघाला. एवढी मोठी शाळा, एवढी अनोळखी मुलं पाहिली, आणि तसाच वळला. थेट एका धातूच्या कारखान्यात जाऊन कामाला लागला. शाळेशी त्याचा संबंध तिथे संपला.

पुढचं हॉकीच्या इतिहासात आहे. १९४६ मध्ये डेट्रॉइटकडून पहिला सामना, त्यातच पहिला गोल. १९५० मध्ये डोक्याला जीवघेणी दुखापत झाली, तरी पुढच्या मोसमात पुन्हा मैदानात. चार वेळा स्टॅन्ली चषक. राष्ट्रीय हॉकी लीगमध्ये २६ मोसम, १७६७ सामने, ८०१ गोल. १९७३ मध्ये निवृत्ती मोडून स्वतःच्या दोन मुलांबरोबर एकाच संघातून खेळला, आणि १९८० मध्ये शेवटचा मोसम संपला तेव्हा वय ५२! बर्फावर तो काही संत नव्हता. त्याच्या कोपरांचा प्रसाद सगळ्या लीगला ठाऊक होता. पण बर्फाबाहेर तोच बुजरा, नम्र माणूस. आणि त्याची सही म्हणे स्वच्छ, सुवाच्य असायची, चाहत्याला नाव वाचता आलं पाहिजे म्हणून. अक्षरांनी ज्याला रडवलं त्याने स्वतःच्या नावाची अक्षरं मात्र अशी जपली. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो.

तिसरी कहाणी लिहायला हात जड होतो. सास्काटूनच्या उत्तरेला, तासाभराच्या अंतरावर, डक लेक नावाचं गाव आहे. तिथे सेंट मायकेल्स ही निवासी शाळा होती. कॅनडाच्या सरकारने आणि चर्चने मिळून मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी अशा शाळा चालवल्या. मुलांना घरापासून तोडायचं, त्यांची भाषा आणि रीतभात पुसून टाकायची, हाच उद्देश. दीड लाखांहून अधिक मुलं या शाळांतून गेली. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या, २००८ मध्ये सरकारने संसदेत माफी मागितली.

फ्रेड सासाकामूस हा क्री मुलगा, जन्म १९३३ चा. आजोबांनी त्याला गोठलेल्या पाण्यावर घसरायला शिकवलं. विलोच्या फांदीची स्टिक, आणि पक म्हणून गोठलेलं शेण! १९४० मध्ये, सात वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा, त्याला आणि त्याच्या भावाला डक लेकला नेलं. तिथे मार होता, भूक होती, आणि मोठ्या मुलांकडून झालेले अत्याचारही. ते तो उतारवयात उघडपणे बोलला. तिथेच हॉकीही होती. एका पाद्रीने त्याच्यातला खेळाडू ओळखला, कसून सराव करून घेतला. पुढे तो मूस जॉ शहरातल्या कुमार संघात गेला, आणि १९५३-५४ च्या मोसमात शिकागोकडून राष्ट्रीय लीगमध्ये ११ सामने खेळला. आपल्या राखीव वस्तीतून तिथवर पोचलेल्या पहिल्या काही मूळ रहिवाशांपैकी तो एक. पण घरापासून एकदा तोडल्या गेलेल्या माणसाला पुन्हा लांब राहणं सोसेना. तो परतला, आपल्या लोकांचा प्रमुख झाला, मुलांच्या खेळासाठी राबला. २०१७ मध्ये 'ऑर्डर ऑफ कॅनडा' हा सन्मान मिळाला, २०२० मध्ये कोविडने तो गेला.

कुणी म्हणेल, त्या शाळेनेच त्याला हॉकी दिली ना? मला हा हिशेब पटत नाही. हॉकी आजोबांनी दिली होती. शाळेने बालपण घेतलं, ते परत दिलं नाही.

तर मंडळी, एक शाळा मुलीला उडी मारायला शिकवते. एक शाळा मुलाला ओळखूच शकत नाही, पण निदान संध्याकाळी सोडून देते. घरी आई असते, दाराची चौकट असते, बर्फ असतो. आणि एक शाळा संध्याकाळीही घरी सोडत नाही. शाळेचं मूल्यमापन कसं करावं यावर मी नोकरीत असताना बरीच परिपत्रकं वाचली. आता वाटतं, एकच प्रश्न पुरे. घंटा झाल्यावर मूल कुठे जातं, आणि जाताना त्याचं काय शिल्लक असतं?

गॉर्डी १० जून २०१६ रोजी गेला. सास्काटूनच्या क्रीडागृहाबाहेर त्याचा पुतळा आहे, त्याखालीच त्याच्या अस्थी ठेवल्या आहेत. ज्या विंडसरमध्ये त्याने जाकिटासाठी करार केला, तिथून डेट्रॉइटला जाणाऱ्या नव्या भव्य पुलाला त्याचंच नाव दिलं आहे.

असो. आपल्या घरात, नात्यात, शेजारी कुणी तिसरीत अडकलेलं असेल तर त्याच्या आईवडिलांना ही गोष्ट जरूर सांगा. ते मूल मोठा खेळाडू होईल म्हणून नव्हे. बहुतेक मुलं होत नाहीत, आणि होण्याची गरजही नाही. पण ते संध्याकाळी कशात रमतं, एवढं तरी कुणीतरी जाऊन बघावं म्हणून.