नाटकात सगळ्यात जास्त कोण बोलतं?

धान घरात आलं की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. मंडई भरते, मंडप पडतो आणि रात्रभर नाटक चालतं. सावलीच्या लोकांना नाटक म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नाही. मी फक्त एक प्रश्न घेऊन आलो आहे. नाटकात सगळ्यात जास्त कोण बोलतं? आणि जो जास्त बोलतो, त्याचंच म्हणणं खरं ठरतं का?

इंग्रजी अभ्यासकांनी शेक्सपियरच्या पात्रांच्या ओळी मोजून ठेवल्या आहेत. हॅम्लेटच्या वाट्याला सुमारे दीड हजार ओळी येतात, म्हणजे नाटकाचा तिसरा हिस्सा तो एकटाच बोलतो. पण ‘ऑथेल्लो’ बघा. तिथे नायकापेक्षा कपटी यागो जास्त बोलतो. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवलांनी हेच नाटक 1890 मध्ये ‘झुंझारराव’ म्हणून आणलं. जास्त बोलणारा खरं बोलतो असं नाही, एवढं तर इथेच ठरलं.

आता कालिदासाकडे या. ‘शाकुंतल’ सात अंकांचं. नाव शकुंतलेचं, पण दुसऱ्या आणि सहाव्या अंकात ती रंगमंचावर येतच नाही. दुष्यंत फक्त चौथ्या अंकात नसतो. शिवाय राजा संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. पाचव्या अंकात ती भर दरबारात उभी राहते, जे घडलं ते सांगते, आणि राजा म्हणतो, मला आठवत नाही. तिचं बोलणं कमी पडलं का? नाही. ते ग्राह्य धरलं गेलं नाही. हा फरक लक्षात ठेवा.

मराठीत 1843 साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा सगळा भार सूत्रधारावर होता. कथा तोच गाऊन सांगायचा. पात्रं प्रसंग पाहून वेळेवर बोलायची, राक्षस आरडाओरडा करायचे. म्हणजे सीतेची गोष्टसुद्धा सीतेच्या वतीने दुसराच सांगत होता. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात मराठी ‘शाकुंतल’ आणलं आणि पात्रं आपली पदं आपणच गाऊ लागली. राजा आणि शकुंतला आता एकाच भाषेत, मराठीत बोलत होते. आपण ही संगीताची क्रांती मानतो. मला ती बोलण्याच्या हक्काची वाटते. अर्थात तेव्हा शकुंतलेचं कामही पुरुषच करत होता, हेही विसरू नका.

पुढे 1899 मध्ये देवलांचं ‘शारदा’ आलं. लग्न शारदेचं, पण ते ठरवताना बोलतात म्हातारा भुजंगनाथ, दलाल भद्रेश्वर आणि पैशाला भुललेला बाप कांचनभट. शारदा बोलते ती मैत्रिणींपाशी, आईपाशी. जिथे निर्णय होतो तिथे तिला जागाच नाही. म्हणून म्हणतो, नुसत्या ओळी मोजू नका. ती ओळ कुठे बोलली गेली आणि कोणासमोर, तेही बघा.

आता 1967 चं विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. एका गावात प्रयोगाला आलेली हौशी नटमंडळी वेळ घालवायला खोटा खटला मांडतात आणि त्यांच्यातल्याच बेणारे बाईंना आरोपी करतात. बघता बघता खेळ खरा होतो. शेवटी न्यायाधीश त्यांना बोलायला दहा सेकंद देतात. त्या दहा सेकंदांत त्या जे बोलतात ते मराठी रंगभूमीवरचं गाजलेलं मोठं स्वगत आहे. पण गंमत बघा, त्या बोलत असताना बाकी सगळे थिजलेले असतात. आपल्याला ऐकू येतं, कोर्टाला नाही. शकुंतलेचा दरबार आणि बेणारेंचं कोर्ट, न्याय तोच!

आणि या नाटकात सगळ्यात कमी कोण बोलतं? प्रोफेसर दामले. बेणारेंच्या पोटातल्या मुलाचा बाप. तो रंगमंचावर येतच नाही, एक शब्द बोलत नाही. त्याला गरजच नाही. म्हणजे गप्प राहणंही दोन प्रकारचं असतं. एकाला बोलू दिलं जात नाही म्हणून तो गप्प. दुसऱ्याला जाब विचारणारं कोणी नाही म्हणून तो गप्प. तत्त्वज्ञानाचा मास्तर म्हणून मला या दुसऱ्या मौनाची जास्त भीती वाटते.

आता तुम्ही म्हणाल, सर, मोजायचंच तर आपल्या नाटकात सगळ्यात जास्त बोलतो प्रॉम्प्टर! बरोबर आहे. राजाचं, राणीचं, चोराचं, सगळ्यांचं तोच बोलतो, पण त्यातलं एकही वाक्य त्याचं नसतं. हे फक्त प्रॉम्प्टरचं होतं असं समजू नका. घरात, ग्रामसभेत, कितीतरी माणसं आयुष्यभर दुसऱ्याचीच वाक्यं बोलत असतात.

आपल्याकडेही एके काळी बाईचं काम पुरुष करत. आज स्त्री कलाकार काम करतात, आणि लोक त्यांना बघायला दुरून येतात. तेव्हा यंदा नाटकाला बसाल तर एवढं करा. मुलीच्या लग्नाचा, जमिनीच्या वाटणीचा प्रवेश येईल, तेव्हा बघा की जिच्याबद्दल बोलणं चाललं आहे ती मंचावर आहे का. असेल तर तिला विचारतं का कोणी? आणि ती बोललीच, तर पुढे काही बदलतं का? इथे नाटक लिहिणारी मंडळीही बसली आहेत. हाच प्रश्न मी त्यांच्यापुढे ठेवतो आणि थांबतो.