सूर्यावर्त आणि अर्धशिशी

नागपुरांत थंडीचे दिवस सुरू झाले कीं घरोघरीं एक वाक्य ऐकूं येतें: "मला सायनस आहे." वास्तविक सायनस हें रोगाचें नांवच नव्हे. कपाळाच्या, गालांच्या आणि नाकामागच्या हाडांत ज्या हवेच्या पोकळ्या असतात त्यांचें तें नांव. त्या अर्थानें सायनस आपणां सर्वांनाच आहेत. शाळेंत त्रिकोणमिति शिकलेल्यांना हाच शब्द 'साइन' या रूपानें भेटलेला असेल. आपल्या 'जीवा' शब्दाचें अरबींत 'जीब' झालें, तें पुढें 'जैब' म्हणजे वस्त्राची घडी असें वाचलें गेलें, आणि लॅटिन भाषांतरकारांनीं त्याचें 'सायनस' केलें! पण हें विषयांतर झालें. मला सांगावयाचें आहे तें असें कीं, या एका शब्दाखालीं हल्लीं आपण डोकेदुखीचे दोन निराळे प्रकार एकत्र कोंबले आहेत. जुन्या वैद्यांनीं ते काळजीपूर्वक वेगळे ठेवले होते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत प्रथम नाकाचे रोग, मग प्रतिश्याय म्हणजे पडसें, आणि त्याला लागूनच शिरोरोग असा क्रम आहे. शिरोरोग अकरा सांगितले आहेत. त्यांतील सूर्यावर्तांत सूर्योदयाबरोबर डोळा आणि भुंवई यांत मंद वेदना सुरू होते, सूर्य चढेल तशी ती चढते, आणि तो ढळला कीं ओसरते. अर्धावभेदक म्हणजे आपली अर्धशिशी. ती अर्ध्या डोक्यांत उठते. कधीं पंधरवड्यानें येते, कधीं दहा दिवसांनीं, कधीं अकस्मात. एकीला घड्याळ लागू, दुसरीला पंचांग! क्ष-किरण नव्हते, दुर्बीण नव्हती, रोग्याला "केव्हां दुखतें?" असें विचारून आणि त्याचें उत्तर नीट ऐकून हा भेद पाडलेला आहे.

'सूर्यावर्त' या नांवानें विदर्भांतील माणूस सहज फसेल. वैशाखांतलें आपलें ऊन डोकें उठवतें हें खरें, आणि चरकसंहितेंतहि सूर्याच्या तापानें मस्तकांतील द्रव पाझरतो असेंच कारण दिलें आहे. तें कारण आज टिकत नाहीं. निरीक्षण मात्र टिकलें. कपाळांतील पोकळीला सूज आली कीं तिचें तोंड बंद होतें. मग सकाळीं उठल्यावर दुखूं लागतें, मध्यान्हापर्यंत वाढतें आणि दुपारनंतर उतरतें. पाश्चात्य वैद्यकाच्या पुस्तकांत हिलाच 'ऑफिसची डोकेदुखी' म्हणतात. गालांतील पोकळीचें तोंड तर तळाशीं नसून वरच्या बाजूस असतें. त्यामुळें स्राव आंत साचतो, आणि बिचारा रोगी वरचे दात दुखतात म्हणून दंतवैद्याकडे धांवतो.

ही गालांतील पोकळी युरोपांत प्रसिद्धीस आली ती इंग्लंडांतील नॅथॅनिएल हायमोर याच्या १६५१ च्या शारीरग्रंथामुळें. त्याची एक रुग्णा होती. तिचा सुळा उपटल्यावर तिनें त्या छिद्रांत चांदीची सळई घातली, ती आंत जातच राहिली. मग पिसाचा देठ घातला, तोहि आंत शिरला. आपण मेंदूपर्यंत पोंचलों अशा समजुतीनें ती घाबरून गेली. येथें मुळांतच पोकळी असते असें सांगून हायमोरनें तिची समजूत घातली.

महाराष्ट्रापुरतें पाहिलें तर वाग्भटाच्या अष्टांगहृदयाचें नांव घेतलेंच पाहिजे. त्याच्या सूत्रस्थानांतील नस्यविधीच्या अध्यायांत नाक हें मस्तकाचें द्वार म्हटलेलें आहे. या ग्रंथावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिणारा हेमाद्रि म्हणजेच देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत. देवळांमुळें तो सर्वांना ठाऊक. वैद्यकाचा टीकाकार म्हणून त्याला कोण ओळखतो? डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० मध्यें अष्टांगहृदय अरुणदत्ताच्या टीकेसह मुंबईस छापलें, आणि १९३९ मध्यें हरिशास्त्री पराडकर यांच्या निर्णयसागर आवृत्तींत हेमाद्रीची टीकाहि आली.

पुढें १८९५ मध्यें क्ष-किरण सांपडले, पोकळ्यांच्या छाया दिसूं लागल्या, आणि हळूहळू 'सायनस' हा शब्द घराघरांत शिरला. अर्धशिशी मागें पडली ती तेव्हांपासून. २००४ सालीं अमेरिकेंत एक पाहणी प्रसिद्ध झाली. आपल्याला सायनसची डोकेदुखी आहे असें मानणाऱ्या, परंतु ताप किंवा पुवासारखा स्राव नसलेल्या २,९९१ लोकांना तींत तपासलें, तेव्हां त्यांतील शेंकडा ८८ जणांचीं लक्षणें अर्धशिशीचींच निघालीं. याचें नवल नाहीं. चेहऱ्याची वेदना आणि अर्धशिशी या दोन्ही एकाच मज्जातंतूच्या वाटेनें जातात. म्हणून अर्धशिशींतहि नाक चोंदतें आणि डोळ्यांतून पाणी येतें. अशी मंडळी वर्षानुवर्षें नाकांत थेंब घालीत बसतात. पुवासारखा घट्ट स्राव, वास न येणें आणि ताप हीं असलीं तर नाकाकडे पाहावें. मळमळ, उजेड न सोसणें आणि ठराविक अंतरानें येणारी ठसठस असली तर डॉक्टरांपुढें अर्धशिशीचें नांव जरूर काढावें.

डोळ्याभोवतीं सूज आली, दिसणें अंधुक झालें, किंवा ताप चढून मान ताठली, तर मात्र घड्याळ पाहात बसूं नये, तत्काळ रुग्णालय गांठावें. नाकालगतच्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामधील हाड इतकें पातळ असतें कीं, शारीरशास्त्रांत त्याचें लॅटिन नांवच 'कागदी पत्रा' अशा अर्थाचें आहे.