कामेच्छा आणि कामसुख : ऊसतोड दांपत्यांच्या संदर्भात

शरीरसंबंधाची ओढ म्हणजे कामेच्छा. तिला संप्रेरकांचा आधार असतो, पण झोप, दुखणे, एकांत आणि जोडीदाराचे वागणे यांवर ती कमीजास्त होते. बीड जिल्ह्यातील गेवराईसारख्या ऊसतोडीच्या तालुक्यांत या सगळ्यांचीच ओढाताण असते.

दसरा-दिवाळीनंतर इथली अनेक कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांवर जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते आणि मुकादम त्या जोडीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. तोड पहाटे सुरू होते, गाडी भरायला रात्री-अपरात्रीही उठावे लागते. मुक्काम कोपीत, म्हणजे झोपडीत असतो आणि पोरे शेजारीच झोपलेली असतात. कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारींवरही अनेकींनी गर्भाशयाची पिशवी काढून घेतली. याच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे जवळपास एकीचे. चर्चा खासगी दवाखाने, खर्च आणि खाडा यांभोवती झाली. या बायकांच्या संसारसुखाचे पुढे काय झाले, हा प्रश्न विचारायला सगळेच लाजले असावेत.

गर्भाशय गेले की इच्छा संपते, हा समज बरोबर नाही. रक्तस्राव व वेदना थांबल्याने काहींचे कामजीवन उलट सुधारते. खरा फरक अंडाशयांमुळे पडतो. तिशी-पस्तिशीत तीही काढली, तर इस्ट्रोजेन एकदम घटते आणि टेस्टोस्टेरॉनही बरेच उतरते. मग अंगातून वाफा निघतात, झोप उडते, योनी कोरडी पडून संबंध दुखरा होतो. दुखण्याच्या धास्तीने बाई टाळू लागते आणि नवऱ्याला वाटते, हिचे मन उडाले. अंडाशये राखली तरी काहींची पाळी जाण्याची लक्षणे लवकर सुरू होतात.

यावर उपचार आहेत. कोरडेपणासाठी वंगण किंवा योनीत लावायचे इस्ट्रोजेन मलम मिळते. अकाली अंडाशये गेलेल्या बाईला, दुसरा धोका नसेल तर, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत संप्रेरके देता येतात. मात्र अंडाशये राहिली की गेली, हे डॉक्टरांना कळले पाहिजे. त्यासाठी ऑपरेशनचे कागद जपून ठेवावेत.

इच्छा आधी आणि जवळीक नंतर, असा क्रम प्रत्येकीचा नसतो. कॅनडातील डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये मांडले की अनेक स्त्रियांत निवांत स्पर्शानंतर इच्छा जागी होते. बहुतेक स्त्रियांना नुसत्या समागमाने परमसुख मिळत नाही, त्यासाठी शिश्निकेला स्पर्श लागतो. मराठीत र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ साली काढले. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे ते त्या काळी मांडत होते. त्यासाठी त्यांच्यावर खटले भरले गेले; १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी कोर्टात मांडली.

पुरुषाच्या अडचणीमागे अनेकदा दारू, तंबाखू, मधुमेह किंवा थकवा असतो. ताठरता वारंवार कमी पडत असेल तर साखर व रक्तदाब तपासावा, कारण कधीकधी ती हृदयविकाराची आगाऊ खूण असते. ‘ताकदीच्या’ जाहिरातींमागे जाऊ नये. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्याने ताठरतेसाठीचे सिल्डेनाफिल हे औषध घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीला उतरू शकतो.