सांकलिया, हसमुख धीरजलाल
(१० डिसेंबर १९०८ – २८ जानेवारी १९८९). भारतीय पुरातत्त्वज्ञ व प्रागितिहासाचे अभ्यासक. जन्म मुंबईत एका गुजराती कुटुंबात. फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठाच्या इतिहासावर प्रबंध लिहिला. पुढे लंडन विद्यापीठातून गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच्.डी. मिळविली. इंग्लंडमधील वास्तव्यात मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या उत्खननात त्यांना शास्त्रशुद्ध स्तरपद्धतीचे शिक्षण मिळाले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

धर्मग्रंथांतील नगरे व त्यांचा विनाश यांचा उत्खननाने पडताळा घेण्याची परंपरा पश्चिम आशियात जुनी आहे. जेरिको येथे गार्स्टँग यांना जो तट जोशुआच्या काळी कोसळलेला वाटला, तो त्याहून सुमारे एक हजार वर्षे जुना असल्याचे व्हीलर यांच्याच शिष्या कॅथलीन केन्यन यांनी १९५२–५८ च्या उत्खननात दाखविले. भारतात असाच प्रश्न रामायण, महाभारत व पुराणे यांच्याबाबत उपस्थित होतो. ब्रजबासी लाल यांना हस्तिनापूर येथे (१९५०–५२) गंगेच्या पुराने वस्ती उद्‌ध्वस्त झाल्याचा पुरावा मिळाला व त्यांनी त्याची सांगड पुराणांतील वृत्तांताशी घातली. सांकलिया यांची भूमिका अधिक सावध होती. नासिक व महेश्वर (माहिष्मती) ही पुराणप्रसिद्ध स्थळे त्यांनी उत्खननासाठी निवडली. परंतु तेथे हाती आलेल्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतींना पौराणिक वंशांची नावे देण्याची त्यांनी घाई केली नाही.

द्वारका येथे १९६३ मध्ये डेक्कन कॉलेजातर्फे उत्खनन झाले. तेथील वस्तीचा प्रारंभ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास जात असल्याचे त्यात दिसून आले. महाभारतातील द्वारका समुद्राने गिळल्याची कथा त्यामुळे सिद्धही झाली नाही आणि निकालातही निघाली नाही. पुढे शि. रं. राव यांनी १९८० नंतरच्या दशकात समुद्रतळाचे संशोधन करून प्राचीन नगरीचे अवशेष मिळाल्याचे प्रतिपादिले. तथापि त्या अवशेषांच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

रामायणावरील ग्रंथात (१९७३) सांकलिया यांनी हीच कसोटी लावली. नामांकित मुद्रिकेची प्रथा भारतात ग्रीक संपर्कानंतर रूढ झाली. म्हणून रामाच्या नावाच्या अंगठीचा प्रसंग उत्तरकालीन असावा, असे त्यांनी सुचविले. लंका मध्य भारतात असावी, हे त्यांचे मत विशेष वादग्रस्त ठरले. कथेचा गाभा प्राचीन असू शकतो; मात्र तिच्यातील वैभवाची वर्णने नंतरच्या नगरजीवनावरून घेतली असावीत, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता.

वस्त्यांचा अंत केवळ युद्धाने वा दैवी कोपाने होत नाही, हे इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननाने (१९६८–८३) स्पष्ट केले. घोड नदीकाठची ही शेतकऱ्यांची वस्ती इ. स. पू. सु. १६०० पासून ७०० पर्यंत नांदली. उत्तरकाळात शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोकांचा पशुपालनावरील भर वाढला. वाढती शुष्कता हे याचे प्रमुख कारण मानले जाते. दख्खनच्या अवर्षणग्रस्त पट्ट्याच्या इतिहासात या निष्कर्षाला विशेष महत्त्व आहे.

सांकलिया यांनी विपुल ग्रंथलेखन केले. भारत व पाकिस्तान यांच्या प्रागितिहासावरील त्यांचा ग्रंथ प्रमाणभूत मानला जातो. म. श्री. माटे यांच्या सहकार्याने त्यांनी महाराष्ट्रातील पुरातत्त्व हा ग्रंथ सिद्ध केला. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुणे येथे त्यांचे निधन झाले. परंपरेला पुराव्याचा मान न देता तिची पुराव्याने परीक्षा करावी, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त त्यांच्या शिष्यांनी पुढे चालविली.