मोहाच्या घड्यातली भर

ब्रिटनमध्ये 1963 साली घरगुती बिअरला लागणारा परवाना रद्द झाला आणि पुढे माल्टच्या घट्ट अर्काचे डबे घरोघर पोचले. डब्यातला अर्क, साखर, पाणी आणि यीस्टची पुडी एवढ्यावर बिअर होते. तरी करणारा तिच्यात संत्र्याची साल, धणे किंवा कॉफी घालतोच. ही भर तो सहसा पहिला जोराचा फसफसाट ओसरल्यावर घालतो, कारण आधी घातली तर बराचसा सुवास वायूबरोबर उडून जातो. आयत्या सामग्रीत असली ढवळाढवळ म्हणजे नवशिक्यांची हौस, असं शुद्धतेचे आग्रही म्हणतात. माझं मत उलट आहे. आंबवण्याचं साहित्य कुठूनही येवो, पेयाला घरचं करते ती वरची भर. ही समज किती जुनी आहे, ते माळव्यातल्या धार-देवासच्या मुलखाच्या इतिहासात नीट दिसतं.

देवासपासून जवळच उज्जैन, म्हणजे मौर्यांच्या अवंतीची राजधानी. मौर्यकाळाशी ज्याचं नाव जोडलं जातं, त्या कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षावर, म्हणजे मद्यावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एक सबंध अध्याय आहे. त्यात किण्व, म्हणजे आंबवण, वेगळं सांगितलं आहे: उडदाचं कच्चं किंवा शिजवलेलं वाटण आणि त्याहून तिसऱ्या हिश्शाने जास्त तांदूळ. मसाला वेगळा: मेदक आणि प्रसन्ना या मद्यांसाठी पाठा, लोध, प्रियंगू, दारुहळद, मिरे, पिंपळी वगैरे, प्रत्येकी पाच कर्ष (वजनाचं जुनं माप). मैरेय या मद्यासाठी मेषशृंगी वनस्पतीच्या सालीचा काढा आणि गूळ, त्यावर मिरे-पिंपळीची पूड. पाया एक आणि भर दुसरी, ही विभागणी इतकी स्पष्ट आहे की आजच्या डब्याची आणि पुडीची आठवण व्हावी. त्याच अध्यायात कुटुंबांना घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव-यात्रांत मद्य करायला चार दिवसांची सूट आहे. आंबवणाचं साहित्य निवडण्याचं काम बायका-मुलांकडे आहे. राज्य एकीकडे विक्रीवर करडी नजर ठेवतं आणि दुसरीकडे घराला मोकळीक देतं.

कोणी म्हणेल, हा शास्त्रग्रंथ आहे, माळव्यातल्या चुलीचा पुरावा नव्हे. हरकत रास्त आहे, आणि म्हणूनच धार जिल्ह्यातल्या मांडवगडाकडे वळायला हवं. तिथे माळव्याचा सुलतान गियासशाह (1469–1500) याच्या दरबारात सुरू झालेला ‘नियामतनामा’ हा सचित्र पाकग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. एकाच पदार्थाच्या कृती त्यात पुन्हा पुन्हा येतात: आधी कृती, मग तिचा दुसरा प्रकार, मग आणखी एक, कुठे कापूर, कुठे कस्तुरी, कुठे गुलाबपाणी, कुठे वेलदोडा. मूळ पदार्थ तोच, बदलतो तो सुवास. सुलतानाच्या मुदपाकखान्यातून ही रीत इथल्या भिल्लांच्या झोपडीत उतरली असा दावा मी करत नाही. तसा धागा दाखवता येणार नाही. एवढंच दिसतं की या मातीत सुवासाची निवड हे करणाऱ्याचं कौशल्य मानलं गेलं, दोष झाकण्याची युक्ती नव्हे. दोष त्याने झाकलाही जात नाही; घाणेरड्या भांड्यात आंबलेला घोळ मिऱ्यांनी सुधारत नाही.

अठराव्या शतकात मराठ्यांच्या पवार घराण्याने धारला आणि देवासच्या थोरल्या-धाकट्या पातीत राज्य बसवलं. या मुलखातली दारू मुख्यतः मोहाची. वाळलेली फुलं पाण्यात आंबवायची, मडक्यावर मडकं ठेवून मंद आचेवर अर्क उतरवायचा. देवापितरांच्या नावाने काही थेंब जमिनीवर सोडल्याशिवाय कार्य पुरं होत नाही. शेजारच्या मुंबई इलाख्यात इंग्रजांनी 1878 चा अबकारी कायदा आणला आणि 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाची फुलं बाळगण्यावरच निर्बंध घातले. ठेकेदाराच्या भट्टीतून सगळ्यांना एकच दारू मिळू लागली. अबकारीच्या कागदांत गॅलन आणि रुपये मोजले गेले. घरची चव मोजायचं कोणाला कारण नव्हतं.

घरगुती दारूने संसार उद्ध्वस्त होतात, ही हरकत सर्वांत जड आहे आणि ती मी बाजूला सारत नाही. पण सरकारमान्य दुकानाने संसार वाचले असंही दिसत नाही. घरात कार्यापुरती होणारी दारू सणाला बांधलेली होती, दुकान मात्र रोज उघडं असतं. मध्य प्रदेश सरकारने 2022 मध्ये मोहाच्या दारूला वारसा म्हणून बाजारात आणायचं धोरण स्वीकारलं. बाटली आली की चव प्रमाणित होणार, हे अटळ आहे. म्हणून धार जिल्ह्यातल्या कुक्षी-गंधवानीकडच्या घरांत कोणती फुलं, कोणत्या साली, कोणत्या बिया घड्यात पडतात, याची नोंद तिथल्या बायकांना विचारून, त्यांच्या नावानिशी आणि त्यांच्या संमतीने, आता व्हायला हवी.