बार्शी लाईटनं पंढरीला

उतरा आता बैलगाडीतून. पाटोद्याहून निघाल्यापासून हाडं खिळखिळी झाली असतील, पण बार्शी आली. बालाघाटाचे दगड मागं पडले, खर्डा गेलं, भूम गेलं, निजामाच्या करोडगिरी म्हणजे जकात नाक्यावर शिपायानं गाठोडं सोडून आतल्या भाकरीसुद्धा चाचपल्या. वरून आषाढाची भुरभुर आहेच. अंगावरचं घोंगडं भिजून जड झालंय आणि त्याला मेंढराचा वास सुटलाय. विसाव्या शतकाची पहिली दोनतीन दशकं चालू आहेत. नेमकं साल विचारत बसू नका, गाडी जाईल.

तिकिटाच्या खिडकीशी रेटारेटी आहे. कोपर लावल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. तुम्ही कनवटीचे पैसे काढता आणि बाबू मान हलवतो. तुमचा पैसा निजामाचा हाली शिक्का, इथं चालतो इंग्रजांचा कलदार. शंभर कलदारांना साधारण 116 हाली मोजावे लागतात. पळा, बाहेर सराफ बसलाय. बट्टा कापून घेईल, पण हुज्जत घालायला आज वेळ नाही.

आता फलाटावर या आणि बार्शी लाईट रेल्वेची गाडी बघा. दोन रुळांत अंतर अवघं अडीच फूट! डब्याच्या दारात उभं राहून हात लांबवला तर बाभळीचा पाला हाती येईल. इंजिन मात्र खरं दणकट आहे. लीड्सच्या किटसन कारखान्यात घडलेलं, आठ चाकं एकमेकांना जोडलेली. जवळ गेलात की पोटऱ्यांना धग लागते, कोळसा, तेल आणि वाफ यांचा मिळून एक उग्र वास नाकात बसतो. शिट्टी झाली आणि शेजारच्या आजीनं घाबरून तुमचा दंड धरला. धरू द्या. तिनं आगगाडी आजच पहिल्यांदा पाहिली.

डबा? वारीच्या दिवसांत डब्याची निवड तुमच्या हातात नसते. प्रवासी डबे भरले की मालाच्या वाघिणीत चढायचं. बाक नाही, खिडकी नाही. ओली धोतरं, तंबाखू, लसणाचा ठेचा, कुणाचं तरी रडतं पोर, वीणा छातीशी धरून बसलेला एक म्हातारा. "सरका की माऊली, पाय तरी टेकू द्या." तुम्ही सरकता. एक टाळ वाजतो, मग दुसरा, मग सगळी वाघीण अभंगाला लागते आणि चाकांचा खडखडाट खाली दबून जातो.

वेगाची चौकशी करू नका. कडेची गुराखी पोरं बराच वेळ बरोबरीनं पळतात आणि हसतात. शेंद्री येतं, थांबतं, जातं. डोळ्यात कोळशाचा कण गेला तर चोळू नका. पदराच्या टोकानं काढून देणारी एक तरी बाई जवळ असतेच.

कुर्डुवाडीला शेजारी मोठी गाडी उभी दिसते, साडेपाच फुटी रुळांवरची. तिच्याकडं जरूर बघा, पण आपल्या गाडीला कमी लेखू नका. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं हिशेब मांडला होता: एका आसावर पाच टनांच्या वर भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे रूळ हलके पुरतात आणि खर्च आवाक्यात राहतो. त्या हिशेबावर 1897 मध्ये बार्शीला रूळ आले आणि 1906 मध्ये पंढरपूरला. ही गाडी लहान होती म्हणूनच या कोरडवाहू मुलखात शिरू शकली. तुमच्या शेजारच्या आजीचे गुडघे गेलेत. दिंडीबरोबर चालणं तिला या जन्मी जमलं नसतं, आणि तिच्यासारख्या कितीजणी या वाघिणींत दाटीवाटीनं बसल्यात.

मोडनिंब गेलं. गाठोड्यातली भाकर आता काढा, चारचौघांत मोडा. समोरून शेंगदाण्याची चटणी येतेय. पुढं पंढरपूर आलं की दार उघडताच लोंढा तुम्हाला उचलूनच खाली ठेवील. तिकीट मुठीत घट्ट धरा, आजीचा हात त्याहून घट्ट, आणि चंद्रभागा कुठं म्हणून विचारत उभे राहू नका. सगळे तिकडंच निघालेत.